सगळ्यात भारी तो बाहेरचा म्हातारा

तलावाकाठचं लॉज
९ फेब्रुवारी

डोक्या,

दोन आठवडे म्हणाला होतास. महिना होत आला. तुझ्या मामांच्या या बंद लॉजच्या सगळ्या खिडक्या रंगवून झाल्या, आता मामा दारांकडे बघायला लागलेत. भूत होण्यात एवढी मेहनत असते हे आधी कळलं असतं, तर मी जिवंत राहणाऱ्याची भूमिका मागून घेतली असती.

आपलं काय ठरलं होतं ते पुन्हा लिहितो, कारण तू सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतोस हे मला शाळेपासून माहीत आहे. तीन मित्र बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात कॅमेरा घेऊन शिरतात. दोघं बाहेर येतात. कॅमेरावाला येत नाही, त्याची टेप तेवढी सापडते. तो कॅमेरावाला मी, माझ्याच नावाने आणि माझ्याच तोंडाने. पोस्टरवर माझा फोटो आणि खाली 'टेप सापडली, हा सापडला नाही'. लोकांना खरं वाटावं म्हणून पिक्चर लागल्यावर मी कुणाच्या नजरेला पडायचं नाही. माझा फोन तुझ्या टेबलाच्या खणात. सगळं कबूल. सही करताना मी कुरकुर केली नाही.

पण माझीही एक अट होती. पोस्टर लागायच्या आधी तू दुकानात जायचं आणि अप्पांना समोर बसून सगळं सांगायचं. आम्हा बापलेकांचं तुला माहीत आहे. मी चष्म्याच्या दुकानात बसणार नाही म्हणालो, ते म्हणाले मग या दारात पाय ठेवू नकोस, आणि गेलं वर्षभर आम्ही दोघंही शब्दाचे पक्के निघालो. आई असती तर तिने एका वाक्यात दोघांना सरळ केलं असतं. ती नाही. माझा फोन गेला तरी ते उचलणार नाहीत. तुझं ऐकतील. सहावीपासून तुझ्या नाकावर त्यांच्याच दुकानाचा चष्मा आहे.

गेलास ना? काय म्हणाले ते कळव.

इथे मामांचा मोबाईल मागची टेकडी चढलं तरच लागतो. मामा टेकडी चढत नाहीत, आणि मला फोनला हात लावू द्यायचा नाही असं तू त्यांना बजावून ठेवलंयस म्हणे. म्हणजे मी कैदी आणि ते जेलर, फक्त जेलर रोज मला भांडी घासायला लावतो. आठवड्यातून दोनदा पावाची गाडी येते, तिच्यातून पत्र जातं. तेव्हा उत्तर लगेच लिही. लोक काय म्हणतायत ते सगळं लिही. मी काय केलंय ते मलाच अजून पडद्यावर बघायला मिळालेलं नाही.

सुतळ्या

---

ऑफिस
१३ फेब्रुवारी

सुतळ्या,

रागावू नकोस, इथे मला श्वास घ्यायला वेळ नाही. सकाळचा एकच खेळ मिळालाय आणि तोही टिकवायचाय. थिएटरवाल्याने फॉयरमध्ये पॉपकॉर्नच्या मशिनशेजारी एक पेटी ठेवलीय. प्रेक्षकांनी चिठ्ठीवर मत लिहायचं आणि टाकायचं. कल्पना माझी. आता पश्चात्ताप होतोय. घे, वाच:

'सगळा पिक्चर अंधारात आहे. अंधार घरी फुकट मिळतो, त्याला तिकीट कशाला?'

'कॅमेरा धरणाऱ्याला आधी कुणीतरी धरा. माझ्या बायकोला उलटी झाली. तिला पिक्चर आवडला.'

'भूत कधी येणार म्हणून बसून राहिलो. मध्यंतरात शेजारच्याने विचारलं, आलं का? म्हटलं, नाही. तो घरी गेला. शहाणा होता.'

'कॅमेरावाला इतक्या धापा टाकतो की भुतालाच दया यावी. खोट्या धापा ताबडतोब ओळखू येतात.'

'भाच्याच्या लग्नाचं शूटिंग यापेक्षा जास्त भीतीदायक झालं होतं.'

एका मुलीने मात्र लिहिलंय की तिला आता बाथरूममधल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवायची भीती वाटते. मी ती चिठ्ठी पाकिटात जपून ठेवलीय.

घरचं सगळं बघितलंय. काळजी करू नकोस. एवढा महिना काढ. पिक्चर बाहेरगावी लावणारी एक पार्टी बघायला येणार आहे. त्यांनी घेतला तर आपण तरलो. नेमका तेव्हा तू रस्त्यावर चहा पिताना कुणाला दिसलास, तर दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

दारं पण रंगवून टाक. मामांना बरं वाटेल.

डोक्या

---

तलावाकाठचं लॉज
१७ फेब्रुवारी

डोक्या,

खोट्या धापा? त्या माणसाचा पत्ता आहे का तुझ्याकडे?

त्या रिकाम्या तलावाची उतरती फरशी तुला आठवते. बारा किलोचं ते धूड खांद्यावर घेऊन मी उथळ बाजूकडून खोल बाजूकडे धावलो, पुन्हा वर आलो, पुन्हा धावलो, कारण तुला दर वेळी 'अजून एकदा' हवं होतं. अंगात ताप होता. छाती भात्यासारखी वाजत होती. तू म्हणालास, वा, हा आवाज असाच ठेव. आणि आता कुणीतरी पॉपकॉर्न खात खात लिहिणार, खोट्या धापा! त्याला म्हणावं, ये इथे. कॅमेरा नको, मामांच्या विहिरीवरून दोन बादल्या घेऊन पायऱ्या चढून दाखव, मग कुणाच्या धापा खऱ्या ते ठरवू.

उलटीवालीचा नवरा म्हणतो कॅमेरावाल्याला धरा. स्टँड मोडलं होतं हे त्याला कोण सांगणार? आणि तो भाच्याच्या लग्नाच्या शूटिंगवाला! त्याचा भाचा सुखी राहो, अजून काय म्हणू.

मला एक दिसतंय. माझ्यावरचं वाईट तेवढं तू निवडून पाठवतोस. दिग्दर्शकाबद्दल एकालाही काही म्हणायचं नाही? पटकथेबद्दल? त्या मध्यंतरानंतरच्या वीस मिनिटांबद्दल, जिथे नुसता एक दरवाजा दिसतो? लोक इतके दयाळू कधीपासून झाले? चाळून पाठवू नकोस. पेटीत येतात त्या सगळ्या चिठ्ठ्या जशाच्या तशा पाठव. शिव्या खायच्या तर पूर्ण ताट वाढून खातो.

आणि 'घरचं सगळं बघितलंय' म्हणजे काय? नळ गळतो तेव्हा प्लंबर असं बोलतो. तू दुकानात गेलास का? अप्पा कुठे बसले होते? काय म्हणाले? निदान एक शिवी तरी दिली असेलच. ती लिही. मला त्यांच्या तोंडची एक शिवीसुद्धा चालेल.

सुतळ्या

---

ऑफिस
२१ फेब्रुवारी

सुतळ्या,

बातमी ऐक आणि मग भांड. सकाळच्या खेळावरून आपल्याला संध्याकाळचा खेळ मिळाला! काल मागच्या चार रांगा सोडून सगळं भरलं होतं. लोक दुसऱ्यांदा येतायत, मित्रांना घेऊन येतायत. बाहेरगावच्या पार्टीचा माणूस परवा येऊन गेला, पुन्हा येणार आहे.

अप्पांना भेटलो. ऐकून घेतलं त्यांनी. फार काही बोलले नाहीत. तुला माहीत आहेत ते.

तुला वाटतं मी चाळतो. घे बाबा, या आठवड्याच्या पेटीतला अख्खा गठ्ठा सोबत जोडलाय. दोरीसुद्धा सोडलेली नाही. मी निम्म्या वाचलेल्याही नाहीत, वेळ कुठे आहे? वाच, रड, हस, काय हवं ते कर, पण तिथेच बसून कर. आता फक्त थोडे दिवस राहिलेत.

डोक्या

---

घरून
२६ फेब्रुवारी

तू गठ्ठ्याची दोरी सोडली नाहीस. मी सोडली.

मामांच्या स्वयंपाकघरात बसून एकेक चिठ्ठी वाचत होतो. पहिल्या पाचसहा नेहमीच्याच होत्या. अंधार, उलटी, भूत कुठाय. मग ही आली:

'पिक्चर ठीकठाक. पण सगळ्यात भारी तो बाहेरचा म्हातारा! खेळ सुटल्यावर दाराशी उभा राहून विचारतो, माझा मुलगा आत दिसला का? अंगावर काटा आला.'

मी हसलो. म्हटलं, डोक्याने सोंग उभं केलं, आणि मला सांगितलंही नाही. पुढची वाचली:

'म्हाताऱ्याला पिक्चरमध्येच घ्यायला हवं होतं. हातात पोस्टरचा तुकडा घेऊन फिरतो. प्रत्येकाला एकच विचारतो, शेवटी तो कुठल्या बाजूला गेला? मी तीन मित्रांना फक्त त्याच्यासाठी घेऊन आलो.'

'थोडा ओव्हर करतो. रडणं कमी ठेवावं.'

आणि मग ही. ही मी अजून खिशात घेऊन फिरतोय:

'बाहेरच्या काकांचं काम अप्रतिम. किती बारीक विचार केलाय! माझ्याशी बोलता बोलता त्यांनी माझा चष्मा काढला, काडी वाकवून सरळ केली, परत घातला आणि म्हणाले, आता नीट आठवून सांगा.'

डोक्या, या जगात बोलता बोलता समोरच्याचा चष्मा काढून सरळ करणारा एकच माणूस मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे.

मी मामांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि टेकडी चढलो. दुकानाचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. भर दिवसा, दुकानाच्या वेळेत! मग पावाच्या गाडीत पोत्यांवर बसून निघालो. पुढे बस. बसमधून उतरून सरळ थिएटर. दुपारच्या खेळाला लोक सुटत होते. हो, आता दुपारचाही लावलायस तू, पोस्टरवर वाचलं.

ते दाराच्या डाव्या अंगाला उभे होते. अंगावर दुकानातला तो पांढरा डगला, खिशाला बारका स्क्रूड्रायव्हर. दुकान बंद करून रोज नोकरीवर आल्यासारखे येत होते. दाढी वाढलेली. एका जोडप्याला अडवून विचारत होते. पोरगी हसत त्या पोराच्या दंडाला बिलगली होती आणि पोरगा मोबाईलवर अप्पांचं शूटिंग करत होता.

"शेवटी तो कुठल्या बाजूला गेला?"

"खोल बाजूला गेला, काका."

"चालत गेला?"

"हो, चालत. नुसते पाय दिसतात."

"लंगडत नव्हता ना?"

"नाही हो काका," पोरगा म्हणाला आणि पोरीला म्हणाला, "बघ, काय काम करतो बघ."

माझ्या पुढ्यात हे झालं, डोक्या. मी हाक मारली. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा काढला, डगल्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा बघितलं. मग जवळ आले, माझे दोन्ही खांदे चाचपले आणि माझ्या थोबाडीत मारली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मागून एक ओरडला, "पुन्हा एकदा!"

अप्पा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "सापडला. जा आता घरी." त्यावरही टाळ्या.

घरी आल्यावर त्यांनी मला जेवायला वाढलं आणि समोर बसून सगळं सांगितलं. पोस्टर बघितल्यावर त्यांनी मला फोन लावला, तो बंद. माझ्या खोलीवर गेले, तिला कुलूप. पोलिसांत गेले. पोलीस हसले. म्हणाले, काका, पिक्चर आहे तो, जाहिरातीची युक्ती आहे. अप्पा म्हणाले, पिक्चर खोटा आहे हे मलाही कळतं. पिक्चरमधला जाऊ दे, माझा खरा मुलगा कुठे आहे तेवढं सांगा. त्यावर त्यांना पाणी देऊन बाहेर बसवलं. पिक्चर बघायला आत जायची त्यांची हिंमत झाली नाही. म्हणून ते बाहेर उभे राहिले, आत बघून आलेल्यांना विचारायला. त्यांना वाटत होतं, या दारात पाय ठेवू नकोस असं आपण म्हणालो, म्हणून मुलाने कुठल्यातरी तलावात जाऊन स्वतःचं काहीतरी करून घेतलं.

आणि तू मला लिहितोस, 'ऐकून घेतलं त्यांनी.' काय ऐकून घेतलं? तू काय सांगितलंस? की त्यांच्याशी बोललाच नाहीस? पेटी पॉपकॉर्नच्या मशिनशेजारी, म्हणजे तू रोज त्यांच्यापासून दहा पावलांवर उभा राहून चिठ्ठ्या गोळा करत होतास. उत्तर दे. या वेळी दोरी सोडून दे.

आणि माझा फोन पाठव.

---

ऑफिस
१ मार्च

सुतळ्या,

फोन सोबत पाठवलाय. चार्ज केलाय.

पोस्टर लागायच्या आधी मी दुकानात गेलो नाही. जाणार होतो. रोज उद्या म्हणत होतो, कारण अप्पांसमोर उभं राहून 'तुमच्या मुलाला मी भूत केलंय' हे कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. मग पहिल्याच दिवशी ते थिएटरवर आले. मी फॉयरमध्ये उभा होतो आणि माझ्याभोवती चार पत्रकार होते, हातात वह्या. त्यांना मी नुकतंच सांगत होतो की आमचा मित्र खरंच सापडत नाहीये. त्यांच्यासमोर अप्पांनी मला विचारलं. मी काय बोलणार होतो? एका वाक्यात सगळा पिक्चर मेला असता. म्हटलं, आत्ता वेळ मारून नेऊ, संध्याकाळी दुकानात जाऊन सांगू. संध्याकाळी गेलो तर दुकान बंद. दुसऱ्या दिवशी पेपरात अप्पांबद्दल दोन ओळी आल्या आणि गर्दी दुप्पट झाली. मग मी गेलो नाही. बस्स. हे एवढंच आहे. मी चुकलो. तुला हवं ते म्हण.

पण तूही जरा विचार कर. अप्पांनी लोकांना जे दिलं ते आपल्या अख्ख्या पिक्चरमध्ये नाही. हे मी नाही, प्रेक्षक म्हणतायत. तू आलास त्या दिवसाच्या चिठ्ठ्या बघ:

'शेवट फसला. मुलगा परत यायला नको होता.'

'मुलाचं काम करणारा अगदीच सुमार. म्हाताऱ्यासमोर टिकला नाही.'

'थप्पड खोटी वाटली. आवाज नीट आला नाही.'

त्यानंतर दोन दिवस लोक तिकीट काढायच्या आधी विचारतायत, म्हातारा आहे का आज? नाही म्हटलं की परत जातात. संध्याकाळचा खेळ गेला. पुन्हा सकाळचा.

आता जे लिहितोय ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाहेरगावची पार्टी पिक्चर घ्यायला तयार आहे. मात्र अप्पांसकट. प्रत्येक गावी पहिले तीन दिवस अप्पांनी दाराशी उभं राहायचं, जे करत होते तेच करायचं. आता तर त्यांना सगळं माहीत आहे, तू सुखरूप आहेस, म्हणजे त्रास काहीच नाही, नुसता अभिनय. राहण्याची सोय नीट करतील. तू सोबत राहा हवं तर, आतल्या खोलीत. दोन वर्षं आपण या पिक्चरसाठी काय काय सोसलं ते तुला माहीत आहे. तुझ्या त्या तापातल्या धापा वाया जाऊ द्यायच्या का?

अप्पांना एकदा विचारून बघ. फक्त विचार.

डोक्या

---

दुकानातून
६ मार्च

मायन्यात काय लिहावं ते ठरेना, म्हणून जागा मोकळी सोडली आहे.

तुझं पत्र मुलाने वाचलं आणि फाडायला घेतलं. मी थांबवलं. प्रश्न मला विचारलेला आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो.

आधी पिक्चरबद्दल. काल दुकान बंद ठेवून, तिकीट काढून सकाळच्या खेळाला जाऊन आलो. हॉलमध्ये आम्ही नऊ जण होतो. सुटल्यावर तुमच्या पेटीजवळची चिठ्ठी घेतली, पण ती फार लहान निघाली. म्हणून इथे लिहितो.

पिक्चर अगदीच वाईट नाही. बाहेर येणाऱ्या दोघांतली ती मुलगी चांगली रडते. मध्यंतरानंतर दरवाजा फार वेळ दाखवला आहे. माझ्या शेजारच्या बाई तेवढ्यात मोजा विणून मोकळ्या झाल्या. कॅमेरावाल्याच्या धापा खोट्या आहेत असं कुणीतरी लिहिलं होतं म्हणे. त्या खऱ्या आहेत. लहानपणी थंडी सुरू झाली की त्याची छाती अशीच वाजायची आणि त्याची आई पाठ चोळत बसायची. हॉलमध्ये अंधार झाला आणि तो आवाज आला तेव्हा मला एवढंच वाटलं की याच्या अंगात ताप आहे आणि याला कुणीतरी घरी न्या. भुताचं म्हणशील तर मी आत एकदाही घाबरलो नाही. घाबरायचं तेवढं बाहेर उरकलं होतं.

शेवटी तो खोल बाजूला जातो. चालत जातो, लंगडत नाही. पायात मी घेऊन दिलेले बूट आहेत. म्हणजे लोकांनी मला बरोबर सांगितलं होतं. कुणी हसून सांगितलं, कुणी शूटिंग करत सांगितलं, पण जे बघितलं तेच सांगितलं. एवढ्या शेकडो माणसांत मला खोटं सांगणारा एकच निघाला, आणि खरं माहीत असलेलाही तोच.

तू चार पत्रकारांचं लिहिलंस. पुढचं लिहिलं नाहीस, ते मी लिहितो. मी तुला विचारलं, माझा मुलगा कुठे आहे. तू चष्मा वर सरकवलास आणि म्हणालास, "काका, मलाही माहीत नाही. आम्हीही शोधतोय." तू खोटं बोलत असशील असं माझ्या मनातही आलं नाही. माझं लक्ष कुठे गेलं सांगू? तुझ्या उजव्या काडीचा स्क्रू सैल झाला होता, चष्मा घसरत होता. मला वाटलं, पोरगं बिचारं माझ्या मुलाला शोधून दमलंय, याला स्वतःच्या चष्म्याकडे बघायलाही वेळ नाही. मी तुझा चष्मा काढला, स्क्रू पिळला, परत तुझ्या नाकावर ठेवला. तू थँक्यू काका म्हणालास. आठवतं?

आता तुझ्या विचारण्याचं उत्तर. मी येणार नाही. त्रास काहीच नाही, नुसता अभिनय, असं तू लिहिलंस. मला अभिनय येत नाही. मी तिथे काय करत होतो ते तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी तू त्याला काम म्हणत राहिलास. प्रेक्षकांना मी बोल लावत नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना आवडलं असेल तर आवडलं. पण तुझ्या पार्टीला सांग, म्हाताऱ्याचा मुलगा सापडला, आता त्याच्याकडे विचारण्यासारखं काही उरलं नाही.

मुलाला मी सोडलंय असं समजू नकोस. त्याच्यावरचा राग तुझ्यावरच्यापेक्षा मोठा आहे. तुला त्याने पानंच्या पानं लिहिली. माझ्या शिव्यासुद्धा चालतील म्हणून लिहिलं, ते त्यानेच मला सांगितलं. टेकडी होती, तुझ्या मामांचा फोन होता, पावाची गाडी होती. 'मी बरा आहे' एवढं एक कार्ड त्याला बापाच्या पत्त्यावर टाकता आलं नाही. बापाला जिवंत असल्याचं कळवायचं कामसुद्धा त्याने दुसऱ्यावर सोपवलं. पण तो घरात आहे. त्याचं मी बघून घेईन. थोडं माझं मलाही बघायचं आहे. दाराबाहेर काढणारा मीच होतो.

तुझ्याबद्दल मात्र एक काम राहिलं आहे.

त्या दिवशी स्क्रू घाईत बसवला. तो एव्हाना पुन्हा सैल झाला असणार. दुकानात ये. दुपारी येऊ नकोस, तेव्हा मी एकटा असतो. संध्याकाळी ये, बाकावर गिऱ्हाईकं बसलेली असतात. त्यांच्यासमोर मी तुला तोच प्रश्न विचारीन, माझा मुलगा कुठे आहे म्हणून. तू उत्तर द्यायचं, कुठे होता आणि तुला कधीपासून माहीत होतं. चौघांसमोर जे बोलला नाहीस ते चौघांसमोर बोलायचं. जरा मोठ्याने बोल. मुलगा संध्याकाळचा मागे लेन्स घासायच्या मशिनवर बसलेला असतो, आणि ते मशिन आवाज फार करतं.

मग चष्मा बघू.

बाहेरचा म्हातारा